मैदानाच्या मागच्या रांगेपर्यंत शब्द स्पष्ट कसा पोहोचवावा?

खानापूरकर: आमच्या गावी पारायणाच्या सांगतेचे कीर्तन मोठ्या मैदानावर होते. मंचापाशी कानठळ्या बसतात, पण मागे बसलेल्या माउल्यांना अभंगाचे चरण कळत नाहीत. आवाज वाढवणे हा उपाय आहे का?

शहापूरकर (ध्वनिव्यवस्था): नाही. साध्या स्पीकरचा आवाज मोकळ्या जागेत अंतर दुप्पट होताच सुमारे ६ डेसिबलने उतरतो, त्यामुळे मागच्यांसाठी वाढवलेला आवाज पुढच्यांना सोसत नाही. लाइन अ‍ॅरेमध्ये एकाखाली एक टांगलेल्या पेट्या मिळून उभ्या दिशेने अरुंद झोत तयार करतात, म्हणून ठरावीक अंतरापर्यंत ही घट ३ डेसिबलच्या आसपास राहते. मैदान लांब असल्यास मध्यावर आणखी स्पीकर उभारावेत, मात्र त्यांना विलंब द्यावाच, म्हणजे त्यांतला आवाज मंचाचा आवाज तिथे पोहोचेपर्यंत रोखून सोडावा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. मंचापासून ५० मीटरवरील स्पीकरला साधारण १४५ मिलिसेकंदांचा विलंब लागतो, आणि त्यात आणखी १० ते १५ मिळवले की आवाज कीर्तनकार बुवांकडूनच आल्यासारखा वाटतो. हा विलंब न दिल्यास प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. आपल्याकडच्या बहुतेक मैदानांवर खरे दुखणे हेच आहे, असे माझे ठाम मत आहे.

निपाणीकर: बुवांच्या माइकवर १०० हर्ट्झखालचा, म्हणजे अगदी खर्जातला, भाग कापावा. पखवाजाचा घुमारा आणि वाऱ्याची घरघर तिथूनच शिरते, आणि व्यंजने झाकली जातात.

खानापूरकर: विलंबासाठी वेगळे यंत्र लागते का?

शहापूरकर: डिजिटल मिक्सरच्या आउटपुटवर ही सोय बहुधा असते, मांडववाल्यांना आधीच विचारून घ्यावे.