मदत हवी आहे: सिम्युलिंकमधली मोटर आणि टेबलावरची मोटर जुळेना

सातपूरच्या वर्कशॉपमध्ये छोट्या कन्व्हेयरसाठी १२ व्होल्टची डीसी गिअर मोटर, एल२९८ ड्रायव्हर (मोटरला वीज पुरवणारी चिप) आणि आर्डुइनो बोर्डवर पीआय कंट्रोल (वेगातली चूक आणि तिची साठत जाणारी बेरीज बघून व्होल्टेज ठरवणं) चालवतोय. सिम्युलिंक या सॉफ्टवेअरमधल्या मोटरच्या मॉडेलमध्ये १५० आरपीएमला (मिनिटाला फेरे) मोटर गुपचूप स्थिरावते. खऱ्या मोटरवर तेच पीआयचे गेन (चुकीला किती जोरात प्रतिसाद द्यायचा ते आकडे) टाकले की १९० पर्यंत उडी, मग हेलकावे.

काय करून झालंय: ड्रायव्हर सुमारे २ व्होल्ट खातो, म्हणून मॉडेलमध्ये मर्यादा १० व्होल्टवर आणली. २० टक्के ड्यूटीखाली (ड्यूटी म्हणजे व्होल्टेज चालू असण्याचा वेळेतला वाटा) मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. तो डेड झोनही (मोटर न फिरणारा पट्टा) मॉडेलमध्ये घातला. इंटिग्रलला, म्हणजे चुकीच्या साठत्या बेरजेला, लगाम लावला. सुरुवात आता जुळते, उडी मात्र तशीच. सॅम्पलिंग (वेग वाचण्याचा अवधी) २० मिलिसेकंद, एन्कोडर (फेरे मोजणारा सेन्सर) फेरीला १३२० काउंट, म्हणजे एका काउंटला सव्वादोन आरपीएम. वाचन थरथरतं ते यामुळेच असावं. फिल्टर लावला तर विलंब वाढून हेलकावे आणखी बिघडले.

जडत्व मोजायला सप्लाय तोडून पाहिला, पण गिअरबॉक्समुळे मोटर जागीच थांबते. ती चाचणी बाद. मोटर बदलता येणार नाही, ऑसिलोस्कोप नाही, मल्टिमीटर आहे.

जडत्व-घर्षण वेगळं काढण्याच्या मागे लागू, की ४०, ६०, ८० टक्के ड्यूटीच्या स्टेप रिस्पॉन्सवरून (ड्यूटी एकदम बदलल्यावर वेग कसा वाढतो त्यावरून) थेट मोटरचा गेन (ड्यूटीमागे किती वेग) आणि टाइम कॉन्स्टंट (वेग पकडायला लागणारा वेळ) बसवू? आणि सॅम्पलिंगचा विलंब मॉडेलमध्ये नेमका कुठे घालायचा?