मदत हवी आहे: शॉप फ्लोअरवरचा मोबाइल कसा आवरायचा?

भोसरी एमआयडीसीत छोट्या मशीन शॉपवर सुपरवायझर आहे. दोन शिफ्ट, 14 माणसं, पाच सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन), दोन जुने हाताने चालवायचे लेथ. मशीन आपोआप कापत असताना ऑपरेटर रील बघत बसतो आणि इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) तुटलेला कळतच नाही. गेल्या आठवड्यात 40 जॉब (बनवलेले पार्ट) रिजेक्ट झाले. लेथवर तर हाताचीच भीती.

बोर्ड लावून झाला, कुणी वाचत नाही. गेटवर मोबाइल जमा करायला पेटी ठेवली, ती चार दिवस टिकली. एकाची आई आजारी होती, घरून फोन लागेना. तो चिडला आणि त्याचं बरोबरच होतं. दंड सुचवू नका. कायद्याने पगाराच्या 3 टक्क्यांवर कापता येत नाही, आणि चांगला ऑपरेटर दुसऱ्या दिवशी शेजारच्या शॉपमध्ये दिसेल. शिवाय ड्रॉइंग आम्हीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, त्यामुळे सरसकट बंदी जमत नाही. (माझाही फोन दिवसभर कानाला असतो, हे पोरं बोलून दाखवतात.)

ड्रॉइंगसाठी मशीनजवळ एक टॅब आणि घरच्यांसाठी ऑफिसचा नंबर, असं कुणी केलंय का? आणि रात्रपाळीला ऑफिस बंद असतं, तेव्हा तो फोन तुमच्याकडे कोण उचलतं?