प्रति: मल्टिमीटरने एमओव्ही तपासणे

मल्टिमीटरवर ओपन (करंट जातच नाही असं) दाखवतोय म्हणजे एमओव्ही (जादा व्होल्टेजपासून सर्किट वाचवणारा भाग) चांगला, असं या चर्चेत आधी लिहिलंय, ते अर्धंच खरं आहे. मीटरला शॉर्ट झालेला कळतो. सर्ज (व्होल्टेजचे अचानक झटके) खाऊन थकलेला किंवा आतून तुटलेला कळत नाही. ४७१के छापलेला एमओव्ही घ्या: त्यातून १ मिलिअँपिअर जाताना ४७० व्होल्ट, १० टक्के इकडेतिकडे, म्हणजे साधारण ४२३ ते ५१७ यायला हवेत. बोर्डावरून एक पाय सोडवा, १००० व्होल्टचा इन्सुलेशन टेस्टर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं मीटर) लावा, समांतर मल्टिमीटर १००० व्होल्ट डीसी रेंजवर ठेवा आणि काही सेकंदांतच आकडा वाचा. टेस्टरचा करंट साधारण १ मिलिअँपिअरच हवा. हात लांब ठेवा, कृपया! आकडा ४२३च्या खाली उतरला, की बदलाच. काळवंडलेला, तडकलेला तर मोजतही बसू नका.