स्कॉटलंडमधून इतकी माणसे शतकानुशतके परदेशी का गेली?

शिवारवाट

नमस्कार. कॅनडातील नोव्हा स्कोशिया, न्यूझीलंडमधील डनेडिन, अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना अशा एकमेकांपासून हजारो मैल दूर असलेल्या प्रदेशांच्या इतिहासात स्कॉटिश वसाहतकार सतत भेटतात. १९०१ सालीदेखील ज्या देशाची लोकसंख्या जेमतेम ४५ लाख होती, तेथून एवढी माणसे का बाहेर पडली असावीत? बहुतेक ठिकाणी एकच उत्तर वाचायला मिळते: १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत डोंगराळ हायलँड भागातील टोळ्यांचा पराभव झाला आणि पुढे जमीनदारांनी मेंढ्या पाळण्यासाठी कुळांना हुसकावून लावले. मात्र त्याच काळात ग्लासगो आणि परिसरात गिरण्या, खाणी, जहाजबांधणीचे कारखाने उभे राहत होते. घरच्या घरी रोजगार वाढत असताना लोकांनी समुद्र का ओलांडला, हे मला उमगत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुनेदप्तर

मेंढ्यांची हकीकत खरी आहे, परंतु तिच्या आधीचा भाग सहसा सांगितला जात नाही. १७६० आणि १७७० च्या दशकांत हायलँडमधून जे गेले, त्यांतील अनेक जण गाठीला पैसा असलेले होते. टोळीप्रमुख आणि सामान्य कुळे यांच्यामध्ये ‘टॅक्समन’ नावाचा मोठ्या खंडकऱ्यांचा वर्ग होता. लढाईच्या वेळी माणसे गोळा करणे हे त्यांचे एक मुख्य काम. कलोडननंतर टोळीप्रमुखांचे न्यायदानाचे वंशपरंपरागत अधिकार कायद्याने काढून घेण्यात आले, त्यांना सैन्याऐवजी रोख खंड हवासा वाटू लागला आणि या मधल्या वर्गाचे प्रयोजनच संपले. खंड भरमसाट वाढल्यावर त्यांनी आपल्या माणसांसह नॉर्थ कॅरोलायनाची वाट धरली. ब्रिटिश गादीवर आपल्या घराण्याचा हक्क सांगून कलोडनला हरलेल्या राजपुत्र चार्ल्सला निसटून जाण्यास मदत करणारी फ्लोरा मॅक्डोनाल्डदेखील १७७४ मध्ये पतीसोबत तिकडेच गेली. त्याच्या आदल्या वर्षी ‘हेक्टर’ नावाचे जुनाट जहाज सुमारे २०० माणसांना घेऊन नोव्हा स्कोशियातील पिक्टू येथे पोहोचले होते. वाटेत देवी आणि हगवणीने १८ मुले दगावली.

मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही की, त्या वेळी हेच जमीनदार लोकांना अडवत होते. पश्चिम किनाऱ्यावर आणि बेटांवर समुद्रशेवाळ जाळून त्याची क्षारयुक्त राख साबण आणि काच बनवण्यासाठी विकली जाई. फ्रान्सबरोबरच्या युद्धांमुळे परदेशी क्षार महागले आणि या राखेला सोन्याचा भाव आला. थंडगार पाण्यात उभे राहून शेवाळ कापायला हात हवे होते, म्हणून कुळांना किनाऱ्यावर आणून मुद्दाम एवढे लहान तुकडे दिले गेले की, त्यावर पोट भरू नये आणि मजुरीला येणे भाग पडावे. १८०३ च्या प्रवासी जहाजांच्या कायद्याने जहाजावरील जागा आणि अन्न यांचे नियम कडक केले. प्रवाशांच्या हिताचा हा कायदा होता हे खरे, पण त्याने प्रवासभाडे वाढले आणि जमीनदारांना तेच हवे होते.

१८१५ मध्ये शांतता झाली, परदेशी क्षार पुन्हा येऊ लागले आणि राखेचा भाव कोसळला. दाटीवाटीने वसवलेली तीच माणसे आता ओझे ठरली. १८४६ मध्ये बटाट्यावर करपा पडल्यानंतर तर काही जमीनदारांनी स्वतः भाडे भरून कुळांना कॅनडाला पाठवले. साउथ युइस्ट आणि बॅरा या बेटांवरून तेथील जमीनदार कर्नल गॉर्डन याने १८५१ मध्ये अशी दीड हजारांहून अधिक माणसे जहाजांवर चढवली, काहींना जबरदस्तीने. माणसाने राहायचे की जायचे, हे राखेच्या भावावर ठरत होते, हे वाचताना आजही मन विषण्ण होते.

हायलँडच्या उत्तरेकडील सदरलंड परगण्यातील १८१४ ची हकालपट्टीही सरळ परदेशी नेणारी नव्हती. स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यात कारभारी पॅट्रिक सेलर याच्या माणसांनी घरांच्या छपरांची लाकडे जाळली. त्या वृक्षहीन मुलुखात आढ्याचे लाकूड हीच कुटुंबाची खरी मत्ता असे आणि घर सोडताना लोक ते सोबत नेत. सेलरवर १८१६ मध्ये खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. हुसकावलेल्या बहुतेकांना आधी किनाऱ्यावर मासेमारीसाठी वसवले गेले. परदेश हा अनेकांच्या बाबतीत त्यानंतरचा टप्पा होता.

आडवाट

जुनेदप्तर यांचे विवेचन उत्तम आहे. मूळ प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग मात्र सखल प्रदेशात, म्हणजे लोलँडमध्ये आहे, कारण १९व्या शतकात देश सोडणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक तेथलेच होते. कारखाने होते म्हणून लोक गेले नाहीत असे नसून, बऱ्याच अंशी कारखान्यांमुळेच गेले.

पुढे अमेरिकेत पोलाद उद्योगपती झालेले अँड्र्यू कार्नेगी यांचे उदाहरण पाहावे. त्यांचे वडील डनफर्मलिन गावात हातमागावर लिननचे नक्षीदार कापड विणत. वाफेवर चालणारे माग आल्यावर कसबी विणकराला काम मिळेना. मावश्या आधीच पिट्सबर्ग परिसरात गेलेल्या असल्याने पत्ता आणि आसरा तयार होता. १८४८ मध्ये माग आणि घरसामान लिलावात काढले, पण अपेक्षेइतके पैसे आले नाहीत. तेव्हा आईने मैत्रिणीकडून २० पौंड उसने घेतले आणि १२ वर्षांच्या अँड्र्यूसह चौघांचे कुटुंब ग्लासगोहून शिडाच्या जहाजाने निघाले. या एका घरात सारी कारणे एकवटलेली दिसतात: बुडालेला धंदा, आधी गेलेले नातलग आणि जेमतेम उभे राहिलेले भाडे.

शेतीतही हेच होते. लोलँडमध्ये जमिनी मोठ्या शेतकऱ्यांच्या हाती एकवटल्या होत्या आणि बाकीचे सालगडी होते. सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा करार संपला की मालकाने दिलेले घरही सोडावे लागे. ज्याला नाहीतरी दर वर्षी बिऱ्हाड हलवायचे आहे, त्याला ऑन्टारिओतील स्वतःच्या मालकीच्या जमिनीची ओढ का वाटणार नाही? शहरात मजुरी इंग्लंडपेक्षा कमी होती आणि घरांची अवस्था भीषण होती. १९११ मध्येही स्कॉटलंडमधील सुमारे निम्मी जनता एक किंवा दोन खोल्यांत राहत होती. आगबोटींमुळे अटलांटिकचा प्रवास आठवड्यांवरून दिवसांवर आल्यावर तर अ‍ॅबर्डीनचे ग्रॅनाइट घडवणारे पाथरवट हंगामापुरते अमेरिकेत जाऊन परतू लागले.

डनेडिनची गोष्ट थोडी निराळी आहे. १८४३ मध्ये स्कॉटलंडचे चर्च दुभंगले आणि त्यातून निघालेल्या फ्री चर्चच्या पाठबळावर ती वसाहत १८४८ मध्ये सुरू झाली.

शिवारवाट

दोघांचेही मनापासून आभार. एल्फिन्स्टन, माल्कम, ग्रँट डफ, जॉन विल्सन हे आपल्या मुंबई इलाख्यात आलेले सारे स्कॉटिशच. त्यांनाही याच प्रवाहात धरायचे का?

जुनेदप्तर

त्यांना वेगळे ठेवावे, असे माझे मत आहे. जमीन थोरल्या मुलाकडे जात असल्याने धाकट्यांना बाहेर नशीब काढण्याची स्कॉटलंडमध्ये फार जुनी परंपरा होती. १७व्या शतकात ते पोलंडमध्ये फेरीवाले होते आणि स्वीडनच्या राजाच्या फौजेत भाडोत्री सैनिक होते. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या १७०७ च्या एकीकरणानंतर ईस्ट इंडिया कंपनीची दारे उघडली, तेव्हा तीच परंपरा भारताकडे वळली. जॉन माल्कम हे डम्फ्रिसशायरमधील एका कर्जबाजारी शेतकऱ्याच्या मोठ्या कुटुंबातले होते आणि लहान वयातच कंपनीच्या सैन्यात भरती झाले. परंतु ही माणसे वसायला आलेली नव्हती. साताऱ्याचे रेसिडेंट ग्रँट डफ प्रकृती ढासळल्यावर मायदेशी परतले आणि मराठ्यांचा इतिहास त्यांनी १८२६ मध्ये प्रसिद्ध केला तो तिकडूनच. १८२९ मध्ये आलेले विल्सन १८७५ मध्ये मुंबईतच वारले, पण ते मिशनरी होते आणि त्यांचा हेतूच निराळा होता.

खऱ्या स्थलांतराचा सर्वांत मोठा लोंढा फार उशिरा, पहिल्या महायुद्धानंतर आला, हेही ध्यानात घ्यावे. सैनिकांना जमिनीचे आश्वासन मिळाले होते, ते पुरेसे पाळले गेले नाही. मासळीची बाजारपेठ ढासळली आणि क्लाइड नदीकाठच्या जहाजबांधणीला मंदी आली. एप्रिल १९२३ मध्ये ‘मेटागामा’ हे जहाज लुईस बेटावरील सुमारे ३०० जणांना कॅनडाला घेऊन गेले आणि त्यांत बहुतांश अविवाहित तरुण होते. १९२१ ते १९३१ या दशकात जन्म मृत्यूंहून अधिक असूनही स्कॉटलंडची लोकसंख्या सुमारे ४० हजारांनी घटली.