मस्टरवर १९च माणसं: शहाणपण की घोडचूक?

उद्यमबागकर
आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कर्नाटकातल्या या औद्योगिक वसाहतीत, एक जुनी चाल आहे. शेड एक, वीजमीटर एक, पण बोर्ड दोन. एक फर्म मालकाच्या नावावर, दुसरी मालकिणीच्या. मिळून पस्तीसेक माणसं, पण कुठल्याही मस्टरवर १९च्या वर नाव नाही. का, तर २० झाले की पीएफ लागतो.

माझं म्हणणं, ही चाल आता सोडा. १९५२च्या पीएफ कायद्यापासून (कलम २-अ) तत्त्व हेच. विभाग, शाखा कितीही दाखवा, धंदा एक असेल तर आस्थापना एकच धरतात. तपासणीला आलेला माणूस बोर्ड वाचत बसत नाही. वीजबिल कोण भरतं, सुपरवायझर कोण, या फर्मचा पोरगा त्या फर्मच्या लेथवर उभा आहे का, ते बघतो. एकदा ठरलं की थकबाकीची चौकशी आणि मागच्या तारखेपासून वसुली. त्यात कामगाराचा वाटाही मालकाच्याच खिशातून, कारण मागचा वाटा आता त्याच्या पगारातून कापता येत नाही. त्यावर १२ टक्के व्याज, शिवाय दंड. चार वर्षांत वाचवलेलं एका नोटिशीत जातं.

जॉबवर्कवाला
लिहायला सोपं आहे हो. १५,००० पगारावर मालकाचा पीएफ सगळं धरून १,९५०. ईएसआय (कामगार विमा) सव्वातीन टक्के, म्हणजे ४८८. माझ्याकडे २२ माणसं, महिन्याला ५३ हजारांवर गेले. कास्टिंगचा (ओतकामाचा) दर किलोवर ठरतो, त्यात हे कोण धरून देतो? पार्टी (काम देणारी कंपनी) बिल ९० दिवसांनी काढते आणि पीएफ-ईएसआयचं चलन मात्र १५ तारखेला भरायचं. आणि पोरांनाच नको असतो की! कामाला लागताना पहिला प्रश्न, "मालक, हातात किती पडणार?" कापून दिलं तर पुढच्या महिन्यात शेजारच्या शेडमध्ये.

पगारपत्रक
दादा, पोरांना नको म्हणून सुटत नाही. कामगारानं लिहून दिलं तरी ते कागदाच्या किमतीचं. कामाला लागताना पगार १५,०००च्या वर असेल आणि आधी कधी पीएफ खातं नसेल तर त्याला बाहेर ठेवता येतं, पण २०च्या मोजणीत तो धरलाच जातो. बेसिक ७,००० आणि बाकी सगळं 'भत्ता' दाखवायची युक्तीही संपली. सरसकट सगळ्यांना मिळणारा भत्ता पीएफला धरायचा, हे सुप्रीम कोर्टानं २०१९मध्येच सांगितलं. २१ नोव्हेंबर २०२५पासून चार कामगार संहिता लागू झाल्यात. त्यात तर भत्ते निम्म्याच्या वर गेले की वरचा भाग पगारातच मोजायचा.

९० दिवसांचं दुखणं खरं आहे. उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंद) आहे ना? मग ४५ दिवसांच्या आत पैसे न देणाऱ्या पार्टीला तो खर्च, पैसे देईल त्या वर्षीच आयकरात वजा मिळतो. बिलावर नोंदणी क्रमांक ठळक छापा.

जॉबवर्कवाला
छापला की. पुढच्या महिन्यापासून ऑर्डरच नाही आली तर तुम्ही देणार?

शिनोळीचा पाहुणा
एवढी कटकट कशाला? सीमेपलीकडं जवळच शिनोळी. चंदगड तालुका, महाराष्ट्र. कर्नाटकाचे कायदेच नकोत.

पगारपत्रक
भाऊ, पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटी, बोनस हे केंद्राचे कायदे, शिनोळीत तेच आणि उद्यमबागेतही तेच. बदलतं ते किमान वेतन आणि व्यवसाय कर. आणि गंमत बघा, कर्नाटकात २५,०००च्या आत पगार असेल तर व्यवसाय कर नाही. महाराष्ट्रात पुरुष कामगाराला १०,०००च्या वर महिन्याला २०० रुपये. चंदगडहून एसटीनं उद्यमबागेत येणाऱ्या पोराला कर नाही, आणि बेळगावच्या अनगोळहून शिनोळीला जाणाऱ्याला आहे. माणूस राहतो कुठं यावर नाही, काम कुठं करतो यावर ठरतं.

निपाणीची लेक
सगळे मालकाच्याच बाजूनं हिशेब मांडताय म्हणून लिहिते. आमच्याकडं बिड्या वळणाऱ्या बायका घरात बसून काम करायच्या, पानं-तंबाखू कारखानदाराचा. "या आमच्या कामगारच नाहीत" हे कारखानदारांचं ठरलेलं उत्तर. घरी वळणाऱ्याही पीएफच्या कामगारच, असं सुप्रीम कोर्टानं १९८५ साली म्हटलं. माझ्या आजीच्या पेन्शनची रक्कम सांगितली तर तुम्ही हसाल. पण महिन्याच्या महिन्याला तिच्या नावावर येते, गोळ्यांसाठी तिला मुलाकडं हात पसरावा लागत नाही. तुमच्या १९च्या मस्टरबाहेर राहिलेल्याला ते मिळणार नाही.

जॉबवर्कवाला
ताई, तुमचं पटतं. पण ती पेन्शन तंबाखूच्या पैशावाल्यांनी भरली. मी कर्जावर घेतलेल्या सीएनसी मशीनचा हप्ता भरतोय. मी नियम पाळायचे आणि शेजारच्यानं नाही, तर दर त्याचाच कमी येणार. आधी त्याला धरा.

उद्यमबागकर
शेजारच्याचा मुद्दा खरा, त्याला माझ्याकडं उत्तर नाही. पण ईएसआयचं गणित उलटं मांडून बघा. प्रेसवर अपघात झाला आणि माणूस विम्यात असेल तर उपचार आणि बुडालेला पगार महामंडळ बघतं. विम्यात नसेल तर नुकसानभरपाईचा कायदा (१९२३चा, आता सामाजिक सुरक्षा संहितेत) थेट तुमच्यावर. पगार १५,००० असलेला तिशीचा कामगार दगावला तर १५ लाखांच्या पुढं. सीएनसी विकावं लागेल राव.

काळी_फीत
एक आडवा प्रश्न. १ नोव्हेंबरला आमची पोरं सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधात काळा दिवस पाळतात, मालक खाडा लावतो. चालतं का?

पगारपत्रक
नाही चालत. कर्नाटकाच्या १९६३च्या सण-सुट्ट्यांच्या कायद्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यांच्यासोबत १ नोव्हेंबरही भरपगारी सुट्टी आहे. राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटक स्थापना दिनाची. कामावर बोलावलं तर दुप्पट पगार, नाहीतर पगार अधिक बदली सुट्टी. तुम्ही त्या दिवशी मिरवणुकीत जा नाहीतर मूक फेरीत, खाडा लागत नाही.

काळी_फीत
म्हणजे काळ्या दिवसाचा पगार राज्योत्सवाच्या खात्यातून! झकास.

जॉबवर्कवाला
बरं, एक सरळ सांगा. फेटलिंगला (कास्टिंग घासून साफ करायला) ठेकेदाराची सहा माणसं येतात, पगार तो देतो. माझी १५. मग मी २०च्या आत की बाहेर?

पगारपत्रक
बाहेर, म्हणजे पीएफ लागतो. ठेकेदाराची माणसं तुमच्याच कामाला लागलेली, त्यामुळं मोजणीत धरायची. ठेकेदारानं पीएफ बुडवला तर तोही तुमच्याकडूनच वसूल होतो. त्याचं बिल पास करायच्या आधी मागच्या महिन्याचं चलन आणि नावांची यादी मागा. आणि पीएफचा कोड नंबर घेतल्यावर उद्या माणसं १२वर आली तरी कायदा सुटत नाही, हेही धरून चाला.

जॉबवर्कवाला
वर मीच माझी २२ म्हणालो. ती ही १५ आणि सहा नव्हेत, मुलाच्या नावावरच्या फर्मची वेगळी आहेत.

उद्यमबागकर
आणि मीटर?

जॉबवर्कवाला
मीटर एकच.