मदत हवी आहे : १:१००० एंटरप्राइजला नेमका कोणता राखाडी रंग द्यावा?

नमस्कार. १९६६ साली सुरू झालेल्या मूळ ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील एंटरप्राइज यानाचे पोलर लाइट्स या कंपनीचे १:१००० प्रमाणातील किट मी सध्या जोडते आहे. सांधे पुट्टीने भरून, घासून गुळगुळीत झाले आहेत आणि आता काम रंगापाशी येऊन अडले आहे. यानाच्या अंगाला पडद्यावर दिसतो तो राखाडी द्यावा, की चित्रीकरणासाठी वापरलेल्या मॉडेलला प्रत्यक्षात जो होता तो द्यावा, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

ज्यांना हा वाद नवा आहे त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने लिहिते. मालिकेचे कलादिग्दर्शक मॅट जेफ्रीज यांच्या आराखड्यावरून १९६४ साली बांधलेले ते मॉडेल सुमारे ११ फूट लांबीचे आहे. १९७४ साली ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे आले आणि त्यानंतर त्याची अनेकदा दुरुस्ती झाली, भागाभागाने पुन्हा रंगकामही झाले. त्यामुळे वेगवेगळ्या काळात काढलेल्या छायाचित्रांत एकच मॉडेल कधी पांढरट, कधी निळसर, तर कधी चक्क मळकट दिसते आणि केवळ छायाचित्रांवर विसंबून रंग ठरवणे अशक्य होते. सुदैवाने पुढच्या बशीची, म्हणजे यानाच्या गोल चकतीसारख्या भागाची, वरची बाजू या सगळ्यातून वाचली. तिच्यावर १९६० च्या दशकातला मूळ रंग तसाच राहिला आहे आणि २०१६ साली पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात त्यालाच प्रमाण मानून उरलेला भाग रंगवण्यात आला. तो रंग फिकट राखाडी असून त्यात हिरवटपणाची अगदी हलकी झाक आहे.

पुरावा इतका स्पष्ट असताना मला शंका का यावी? कारण मालिका पाहताना तो हिरवटपणा मला कधीच जाणवला नाही. मॉडेलचे चित्रीकरण निळ्या पडद्यासमोर होत असे. त्या पडद्याचा निळा उजेड फिकट पृष्ठभागावर परावर्तित होतो, शिवाय वेगवेगळी दृश्ये एकत्र आणण्यासाठी फिल्मच्या प्रतीवर प्रत काढावी लागे आणि प्रत्येक प्रतीत रंग थोडा सरकत जाई. लहानपणापासून मनात ठसलेले यान हे असे प्रकाशाने आणि फिल्मने घडवलेले आहे. २००६ पासून आलेल्या सुधारित आवृत्तीत तर यानाची दृश्ये संगणकावर नव्याने तयार केलेली आहेत, त्यामुळे तिचा आधार घेण्यात अर्थ नाही.

माझा कल मूळ मॉडेलच्या रंगाकडे आहे. ज्या कारागिरांनी तो रंग निवडला त्यांच्या हातून काय उतरले होते, ते निदान एका तरी मॉडेलवर प्रामाणिकपणे दिसावे असे मला मनापासून वाटते. मात्र तयार मॉडेल जेमतेम २९ सेंटिमीटरचे होईल आणि दिवाणखान्यातल्या कपाटात पिवळसर एलईडीखाली राहील. तिथे हिरवट राखाडी रंग आजारी दिसेल की काय, ही भीती आहे. माझ्याकडे एअरब्रश आहे आणि तामिया कंपनीचे एक्सएफ-१९ स्काय ग्रे, एक्सएफ-२ पांढरा व एक्सएफ-२१ स्काय हे ॲक्रिलिक रंग आहेत. यांतूनच रंग साधता येईल का? मी ठाण्यात राहते आणि सध्या पाऊस धो धो कोसळतो आहे, तेव्हा शेवटच्या मॅट (बिनचकाकीच्या) थराविषयीही सांगावे.

प्रतिसाद

नमस्कार ताई. तुमच्याकडचे तीन रंग पुरेसे आहेत, नवीन काही मागवू नका. स्काय ग्रेचे दहा भाग, पांढऱ्याचे दोन आणि स्कायचा एक भाग इथून सुरुवात करा. पांढरा अशासाठी, की लहान मॉडेलवर मूळ छटा जशीच्या तशी दिली तर ती नेहमी गडद दिसते. मोठी वस्तू लांबून पाहताना मधल्या हवेमुळे तिचा रंग फिका होतो, तो परिणाम आपल्याला मिश्रणातच आणावा लागतो. एक्सएफ-२१ हा मुळात फिकट हिरवा रंग आहे, त्यामुळे तो थेंबाथेंबाने वाढवा आणि हिरवा ओळखू येण्याच्या आधीच थांबा. पाहणाऱ्याला यान राखाडीच वाटले पाहिजे, त्याच्या शेजारी निखळ राखाडी तुकडा धरल्यावरच फरक कळावा.

यानाला हात लावण्याआधी प्लास्टिकच्या चमच्यांवर तेच प्रायमर मारून दोन-तीन मिश्रणे फवारा आणि पूर्ण वाळू द्या, कारण ॲक्रिलिक वाळल्यावर किंचित गडद होतो. मग ते चमचे थेट त्या कपाटात ठेवून रात्री दिवे लावून पाहा. दुपारी खिडकीत जुळलेला रंग पिवळ्या एलईडीखाली जुळेलच असे नाही. पिवळ्या प्रकाशात हिरवी झाक अधिक उष्ण दिसते, म्हणून तुमच्या बाबतीत स्कायचे प्रमाण अर्ध्यावर आणावे लागेल असे मला वाटते. दिवा बदलणे शक्य असेल तर दिवसाच्या उजेडासारखा पांढरा एलईडी बसवा. रंगाशी झगडण्यापेक्षा ते सोपे आहे.

डिकॅल (नावे-खुणांची पातळ चिकटचित्रे) लावण्याआधी एक्सएफ मालिकेच्या मॅट पृष्ठभागावर एक्स-२२ या चमकदार क्लिअरचा थर द्या. खडबडीत मॅटवर डिकॅलखाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी डाग दिसू लागतात. मॅट क्लिअरचा थर त्यानंतर, सर्वांत शेवटी.

पावसाचा प्रश्न मात्र गंभीर आहे. स्प्रे कॅनमधला लॅकर भराभर उडून जाताना पृष्ठभाग थंड करतो, दमट हवेतली वाफ त्यावर बसते आणि थर दुधाळ होतो. टीएस-८० सारखा मॅट स्प्रे अशा दिवसांत वापरूच नका. एअरब्रशने एक्सएफ-८६ मारा, तेही खोली एसीने काही तास कोरडी करून, पातळ थरांत, मास्क लावून. एवढे जमणार नसेल तर मॅटचा थर दसऱ्यापर्यंत राहू द्या. डिकॅलवरही चमकदार क्लिअरचा थर दिला, तर त्याखाली ते तोपर्यंत सुरक्षित राहतात.

धागाकर्तीचे उत्तर

मनःपूर्वक आभार. कपाटातच चमचे तपासण्याचा विचार माझ्या मनात आला नव्हता, आणि माझी अडचण नेमकी त्यानेच सुटेल असे दिसते. स्कायचा पूर्ण भाग, अर्धा भाग आणि अजिबात नाही, अशी तीन मिश्रणे उद्या तयार करते. दिवा आधी बदलणार नाही, कारण त्याच कपाटात इतर मॉडेल्सही आहेत आणि ती त्या उजेडासाठीच रंगवलेली आहेत. मॅट थरासाठी पावसाळा संपण्याची वाट पाहीन.

एक गोष्ट विचारायची राहिली. मूळ मॉडेलच्या बशीवरच्या जाळीच्या रेषा पेन्सिलने आखलेल्या होत्या. १:१००० वर त्या दाखवाव्यात का? माझ्या मते इतक्या लहान प्रमाणात त्या दिसताच कामा नयेत, पण ज्यांनी हे किट पूर्ण केले आहे त्यांचा अनुभव वाचायला आवडेल.

प्रतिसाद

दाखवू नका. ११ फुटांच्या मॉडेलवरही त्या थोड्या अंतरावरून जेमतेम दिसतात. तुमच्या बशीचा व्यास १३ सेंटिमीटरच्या आसपास भरेल. तिच्यावर सर्वांत टोकदार पेन्सिलीची रेषसुद्धा दोरखंडाएवढी जाड वाटेल.