आधी काचा, मग कांद्याचं सूप

डिसेंबरात पॅरिसला एकच दिवस असेल तर चर्च आधी की जेवण, असं कुणी विचारलं, तर डोळे झाकून चर्च आधी. पाचच्या सुमारास अंधार पडतो तिकडे, आणि सेंट शापेल या चर्चच्या त्या 15 उंच रंगीत काचेच्या खिडक्या उन्हाशिवाय बघण्यात मजा नाही, आम्ही तर मान दुखेस्तोवर वर बघत उभे होतो. तिकीट आधीच काढा, कोर्टाच्या आवारात असल्याने चेकिंगला वेळ जातो. नोत्र दाम हे दुसरं मोठं चर्च तिथून चालत, फुकट, आगीनंतर डिसेंबर 2024 मधे परत उघडलंय. बिस्ट्रोत (छोट्या फ्रेंच रेस्टॉरंटमधे) मात्र दोनच्या आत शिरा, नंतर बऱ्याच ठिकाणी किचन बंद. पाणी 'काराफ' म्हणून मागा, नळाचं फुकट येतं. आणि कांद्याचं सूप घाईत नको, वरच्या चीजखाली उकळतं असतं, माझी जीभ दोन दिवस बधिर होती :)